बायोडिझेल स्वस्त पडतं का? आधी मेसची कढई बघा!

(अंतिम वर्ष, मेकॅनिकल)

आपल्या डिपार्टमेंटमध्ये काही गोष्टी दरवर्षी ठरलेल्या असतात. पहिल्या पावसात वर्कशॉपचं छत गळतं, गॅदरिंगच्या आदल्या दिवशी साऊंडवाल्याशी भांडण होतं आणि फायनल इयरचा निदान एक ग्रुप 'बायोडिझेल' हा प्रोजेक्ट घेतो. कधी करंजाचं, कधी जट्रोफाचं, कधी मोहाचं. बियांचं नाव बदलतं, ब्लॅक बुक बदलत नाही! प्रस्तावनेतलं पहिलं वाक्य 'वाढत्या इंधनदरांच्या पार्श्वभूमीवर बायोडिझेल हा स्वस्त व पर्यावरणपूरक पर्याय आहे' आणि शेवटच्या पानावर 'फ्युचर स्कोप'. या दोघांच्या मधे दोन लिटरची एक प्लॅस्टिकची बाटली. एक्स्टर्नल ती बाटली उजेडात धरतात, झाकण उघडून वास घेतात, 'व्हेरी गुड' म्हणतात. मग ती लॅबमधल्या कपाटावर जाऊन बसते, आधीच्या बॅचच्या बाटल्यांशेजारी.

बाटलीबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रोजेक्ट म्हणून ते काम चांगलंच आहे. माझं भांडण आहे ते पहिल्या वाक्यातल्या 'स्वस्त' या एका शब्दाशी. हा शब्द आपण इतक्या सहज लिहितो की त्याच्यामागे कधी वही-पेन घेऊन कोणी बसतच नाही. इंजिनचे ग्राफ असतात, ब्रेक थर्मल एफिशियन्सीचे टेबल असते, पण 'एक लिटर बनवायला किती रुपये लागले?' हा प्रश्न व्हायवाला विचारला तर चारही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. सोडियम हायड्रॉक्साइड लॅबमधून घेतलेलं, वीज कॉलेजची, तेल घरून आणलेलं आणि मेहनत तर काय, सबमिशनच्या धास्तीची! मग स्वस्त वाटणारच.

थोडक्यात मूळ गोष्ट सांगतो, कारण हा अंक कॉम्प्युटर आणि सिव्हिलवालेही वाचतात. वनस्पती तेलावर डिझेल इंजिन चालतं ही काही नवी बातमी नाही. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. खुद्द रुडॉल्फ डिझेलनेही पुढे त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. अडचण एकच, तेल घट्ट. डिझेलच्या मानाने त्याची व्हिस्कॉसिटी दहापट. त्यामुळे इंजेक्टरमधून फवारा नीट उडत नाही, अर्धवट जळतं आणि इंजिनात कार्बन साचतो. यावर उपाय म्हणजे तेलाच्या रेणूची मोडतोड. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरीनच्या एका कण्याला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब साखळ्या. तेल साठ अंशांपर्यंत गरम करायचं, त्यात मिथेनॉल आणि थोडं सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून ढवळत राहायचं. साखळ्या कण्यावरून सुटतात आणि मिथेनॉलला चिकटतात. रात्रभर ठेवलं की खाली काळपट ग्लिसरीन बसतं, वर पिवळसर पातळ मिथाइल एस्टर तरंगतं. तेच बायोडिझेल. धुवा, वाळवा, गाळा, झालं. केमिकलवाले म्हणतील 'एवढं सोपं नसतं रे', आणि ते खरं आहे, पण ते पुढे येईलच.

आता वही-पेन घ्या.

१०० लिटर तेलाला साधारण २० लिटर मिथेनॉल लागतं आणि वापरलेल्या तेलातून हाती ९० लिटरच्या आसपास बायोडिझेल येतं. समजा मिथेनॉल ड्रमच्या भावाने ६० रुपये लिटर पडलं (लॅबच्या अर्ध्या लिटरच्या बाटल्या आणल्यात तर गणित तिथंच आटोपलं), हायड्रॉक्साइड आणि तपासणीला १०० रुपये, विजेला २०० रुपये. म्हणजे तेल सोडून खर्च १,५०० रुपये. आता तेलाचा भाव बदलत जा. दुकानातून १३० रुपयांचं नवं तेल आणलं तर एकूण १४,५०० रुपये, लिटरमागे १६१. फुकट तेल मिळालं तर लिटरमागे सतरा रुपये सुद्धा नाहीत! आणि वापरलेलं तेल ५० रुपयांनी विकत घेतलं तर एकूण ६,५००, म्हणजे लिटरमागे ७२.

हे भाव मी धरून चाललो आहे, तुम्ही तुमच्या गावचे घाला. आकडे हलतील, पण एक गोष्ट हलणार नाही. ७२ रुपयांच्या हिशोबात रुपयातले पंचाहत्तर पैसे तेलाचे आहेत. रिॲक्टर कितीही भारी बांधा, कॅटॅलिस्टवर पेपर लिहा, मायक्रोवेव्ह लावा, अल्ट्रासाऊंड लावा. उरलेल्या पंचवीस पैशांतच तुम्ही खेळताय. बायोडिझेलची किंमत म्हणजे तेलाची किंमत. ज्याच्याकडे स्वस्त तेल त्याच्याकडे स्वस्त बायोडिझेल, बाकी सगळी सजावट.

शिवाय एक गोष्ट आपले ग्रुप हमखास विसरतात. बायोडिझेलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, त्यामुळे लिटरमागे उष्णता डिझेलपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी मिळते. म्हणजे ७२ रुपयांचं बायोडिझेल हे खरं तर ७८ रुपयांच्या डिझेलच्या तोडीचं. मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरल्यावर आपल्याकडे डिझेल नव्वदीच्या आसपास आलं. नव्वद वजा अठ्ठ्याहत्तर, बारा रुपये. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मग प्रश्न येतो, स्वस्त तेल येणार कुठून? याचं एक उत्तर आपल्या देशाने वीस-बावीस वर्षांपूर्वी मोठ्या थाटात दिलं होतं. लायब्ररीत जुने अंक चाळून बघा, २००५-०६ च्या सुमाराला 'जट्रोफा – उद्याचं इंधन' अशा धर्तीचा लेख हमखास सापडेल. दोष त्या लिहिणाऱ्यांचा नाही, हवाच तशी होती. ३१ डिसेंबर २००२ ला दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्स्प्रेस ५ टक्के बायोडिझेल घालून धावली. एप्रिल २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने अहवाल दिला की एक कोटी हेक्टरहून जास्त जमिनीवर जट्रोफा लावा, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळता येईल. २००४ मध्ये भावनगरच्या मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेत बनवलेल्या जट्रोफाच्या बायोडिझेलवर मर्सिडीज गाडी देशभर हजारो किलोमीटर फिरली. राष्ट्रपती डॉ. कलाम आपल्या भाषणांतून जट्रोफाचा उल्लेख करत. एवढ्या मोठ्या माणसांनी सांगितल्यावर आपण इंजिनीअरिंगची पोरं कशाला शंका घेतोय!

पण गावाकडच्या कुठल्याही आजोबांना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. जट्रोफा म्हणजे आपला मोगली एरंड. बांधाला, कुंपणाला लावतात, कारण गुरं त्याला तोंड लावत नाहीत. बिया विषारी. शाळेच्या आवारात पडलेल्या बिया शेंगदाणे समजून खाल्ल्या आणि मुलांना उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात न्यावं लागलं, अशी बातमी महाराष्ट्रात अधूनमधून अजूनही येते. हे झाड पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय जगतं हे खरंच आहे. पण जगणं वेगळं आणि पिकणं वेगळं. माळरानावर ते हिरवं राहतं, बी देत नाही. बी हवं तर त्यालाही पाणी-खत लागतं, आणि पाणी-खत द्यायचंच तर शेतकरी कापूस-सोयाबीन सोडून मोगली एरंड कशाला लावेल? फळंही एकदम पिकत नाहीत, एकाच झाडाला पुन्हा पुन्हा वेचायला जावं लागतं. त्याची मजुरी वेगळी.

आणि सरकारी भाव? १ जानेवारी २००६ पासून बायोडिझेल खरेदीचं धोरण लागू झालं, लिटरला २५ रुपये. एक लिटर तेलाला साडेतीन-चार किलो बी लागतं. बी वेचणं, वाळवणं, घाणीवर नेणं, तेल काढणं, त्याचं एस्टर करणं आणि खरेदी केंद्रापर्यंत पोचवणं हे सगळं २५ रुपयांत बसवा बघू! बसलं नाही. खरेदी केंद्रं उघडली, पण तिथं तेल घेऊन येणारे जवळजवळ कोणी नव्हते. त्यात ऑक्टोबर २०१४ पर्यंत डिझेलचा भाव सरकारच ठरवत होतं आणि मुद्दाम खाली ठेवत होतं. स्वस्त केलेल्या डिझेलशी महाग पडणारं बायोडिझेल स्पर्धा करणार कसं? परदेशी कंपन्यांनाही हाच अनुभव आला. ब्रिटनच्या डी-वन ऑइल्सबरोबर बीपीने २००७ मध्ये जट्रोफासाठी भागीदारी केली आणि २००९ मध्ये अंग काढून घेतलं.

आता 'पडीक' या शब्दाबद्दलही थोडं. सातबाऱ्यावर पडीक लिहिलेल्या जमिनीवर कोणाच्या तरी शेळ्या चरत असतात, कोणीतरी सरपण गोळा करत असतं. नकाशावर रिकामी दिसणारी जमीन गावात गेल्यावर रिकामी नसते. हे मला कोणत्याही टेक्स्टबुकात मिळालं नाही, एनएसएसच्या कॅम्पला गेलो तेव्हा कळलं. असो.

सगळंच फसलं असं मात्र नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले प्रा. उडिपी श्रीनिवास यांनी कग्गनहळ्ळी या गावात करंजाच्या तेलावर (कन्नडमध्ये त्याला होंगे म्हणतात) जनरेटर चालवून पंपांना वीज दिली. तिथं झाडं गावातलीच, बिया वेचणारे गावातलेच आणि इंजिनही गावातच. वाहतुकीचा, दलालीचा, जाहिरातीचा खर्च नाही. मला यातून एवढंच दिसतं की जिथं तेल आधीपासून पडून आहे तिथंच हा धंदा जमतो. आपल्या कॅम्पसमध्ये मेन गेटपासून कॅन्टीनपर्यंत करंजाची झाडं आहेत आणि उन्हाळ्यात त्यांच्या शेंगा झाडून, ढीग करून पेटवतात, ही एक गंमत जाता जाता सांगितली. तो विषय पुढच्या अंकाला.

आपल्याजवळ आधीपासून पडून असलेलं तेल म्हणजे मेसचं.

हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. रविवारची पुरी, बुधवारची भजी, शनिवारच्या नाश्त्याचा वडा आणि रोजचे पापड. कढईतलं तेल संपत नाही, वाढत जातं! कमी झालं की त्यावर नवं ओततात. तळाशी जो काळा थर असतो त्याचं वय मोजायचं तर सेमिस्टरमध्ये मोजावं लागेल. अगदीच फेस यायला लागला की ते डब्यात भरतात. हे डबे जातात कुठं? मेसच्या काकांना एकदा सहज विचारलं. म्हणाले, "एक माणूस येतो महिन्यातून दोनदा, रोख पैसे देतो, घेऊन जातो." तो काय करतो? काका हसले आणि म्हणाले, "ते आपण कशाला विचारायचं?"

काकांचा यात मोठा गुन्हा आहे असं मला वाटत नाही. त्यांना महिन्याचा रेट परवडत नाही, आणि तो रेट वाढवायचा म्हटलं की मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये आपणच बाकं वाजवतो. पण ते तेल परत कोणाच्या तरी कढईत जात असणार हे समजायला डिग्री लागत नाही. काळं तेल पुन्हा गाळून स्वस्तात विकलं तर घेणारे आहेत. मग रात्री अकरा वाजता भूक लागली म्हणून आपण गेटबाहेरच्या गाडीवर जातो आणि आपल्याच मेसचं तेल पुन्हा खाऊन येतो, असं होत नसेल याची खात्री कोण देणार?

तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात 'टोटल पोलर कंपाउंड्स' वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, १ जुलै २०१८ पासून याची मर्यादा २५ टक्के ठरवली आहे. त्यावर गेलेलं तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करण्याची 'रुको' ही मोहीमही त्यांनी सुरू केली. पुढे १ मार्च २०१९ पासून असा नियम आला की तळणासाठी दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंदी ठेवायच्या आणि जुनं तेल मान्यताप्राप्त संस्थेलाच द्यायचं. नियम चांगला आहे. पण ५० लिटर म्हणजे किती? मोठी हॉटेलं, फरसाणचे कारखाने. आपली मेस त्याच्या खूप खाली. म्हणून आपल्या डब्यांचा हिशोब कोणी मागत नाही, आणि गावोगावच्या वसतिगृहांचा, खाणावळींचा, वडापावच्या गाड्यांचाही मागत नाही. थेंबे थेंबे तळं साचतं म्हणतात, हे तळं काळ्या तेलाचं आहे.

१० ऑगस्ट २०१९ ला, जागतिक जैवइंधन दिनी, तेल कंपन्यांनी शंभर शहरांतून वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल पहिल्या वर्षी ५१ रुपये लिटरने घेण्याची योजना जाहीर केली. हेतू उत्तम. पण टँकर भरेल एवढं तेल ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी ती योजना. महिन्याला चार डबे तेल असणाऱ्या मेससाठी शहरातून टेम्पो पाठवला तर त्याचंच डिझेल जास्त जळेल! २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचं लक्ष्य आहे. देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल जळतं. त्याचे ५ टक्के म्हणजे पाचशे कोटी लिटरच्या वर. कढयांमधलं तेल कितीही पिळलं तरी एवढं निघायचं नाही. मग खायचं तेलच जाळायचं का? इंडोनेशिया ते करतो, पामतेल भरपूर म्हणून त्याने २०२० मध्ये ३० टक्के आणि २०२५ मध्ये ४० टक्के मिश्रणापर्यंत मजल मारली. आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली तेव्हा आपल्याकडच्या तेलाच्या बाजाराचं धाबं दणाणलं होतं. जे तेल खायला पुरत नाही ते टाकीत ओतणं हा 'स्वस्त पर्याय' कसा काय होतो, हे मला कोणी तरी समजावून सांगावं.

आणि जिथं स्वस्त तेल नसतं पण 'स्वस्त बायोडिझेल'ची पाटी मात्र असते, तिथं काय असतं? २०२०-२१ मध्ये डिझेल भडकलं तेव्हा हायवेवर अशा पाट्या उगवल्या. गुजरातेत, विशेषतः सौराष्ट्रात, पोलिसांनी धाडी घातल्या तेव्हा बायोडिझेलच्या नावाखाली भलतीच औद्योगिक तेलं आणि सॉल्व्हंट विकली जात होती असं निघालं. ट्रकवाले बिचारे चार पैसे वाचतील म्हणून भरायचे आणि नंतर पंप-इंजेक्टरच्या कामाला गॅरेजमध्ये उभे राहायचे. म्हणून म्हणतो, कोणी बायोडिझेल स्वस्त देतो म्हटलं की पहिला प्रश्न, 'तेल कुठलं?' उत्तर आलं नाही तर पुढे चला.

तर आपलं तेल कुठलं ते आपल्याला माहीत आहे. आता मघाचे बारा रुपये काढा. समजा मेसमधून महिन्याला ६० लिटर जुनं तेल निघालं. त्याचं ५४ लिटर बायोडिझेल, म्हणजे उष्णतेच्या हिशोबाने ५० लिटर डिझेल. पन्नास गुणिले बारा, सहाशे रुपये. महिन्याला! एका रूमची बर्थडे पार्टी यापेक्षा महाग होते. आणि यात कोणाचीही मजुरी धरलेली नाही. ती धरली तर सहाशेही गेले.

इथं कोणी म्हणेल, मग एवढं पुराण कशाला सांगितलंस? सोडून दे की!

नाही. माझं म्हणणं असं आहे की आपण 'स्वस्त'च्या नादात चुकीच्या रकान्यात फायदा शोधतोय. मघाच्या ७२ रुपयांमध्ये ५० रुपये आपण काकांना दिलेत. का दिले? तो डबेवाला देतो त्यापेक्षा रुपया तरी जास्त दिल्याशिवाय ते तेल आपल्याला मिळणार नाही म्हणून. म्हणजे आपण खरं तर ते तेल कोणाच्या तरी ताटात जाण्यापासून विकत घेतोय. आणि ते पैसे डिझेलमधून परत निघतात! कॉलेजला एक पैसा पदरचा न घालता जर दर महिन्याला साठ लिटर काळं तेल खाण्यातून कायमचं बाहेर पडत असेल, तर सहाशे रुपये मिळाले काय आणि न मिळाले काय. शिवाय काकांना जुनं तेल टाकून द्यायला भाव मिळाला की ते दहा वेळा तापवणार नाहीत, लवकर बदलतील. फक्त भाव फार वाढवायचा नाही, नाहीतर नवं तेलही डब्यात यायचं!

प्रोजेक्टवाल्यांसाठी तर हे सोन्यासारखं आहे. दोन लिटर बनवणं म्हणजे स्वयंपाक. दर महिन्याला साठ लिटर, तेही दरवेळी वेगळ्या खराबीच्या तेलातून, सारख्या दर्जाचं बनवणं म्हणजे इंजिनीअरिंग. जुन्या तेलात मोकळी फॅटी ॲसिडं असतात. ती हायड्रॉक्साइडला पकडतात आणि बायोडिझेलऐवजी साबण होतो. म्हणून प्रत्येक बॅचला आधी टायट्रेशन. एक मिली तेल, दहा मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, फिनॉल्फ्थलीनचे दोन थेंब. फर्स्ट इयरला ज्या टायट्रेशनचे रीडिंग आपण शेजारच्याचे बघून लिहिले, तेच इथं खरं उपयोगी पडतं. तेलात भजीचं पाणी राहिलं असेल तरी साबण, म्हणून आधी तापवून पाणी उडवायचं. शेवटी साधी परीक्षा: २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल टाकायचं. स्वच्छ विरघळलं तर ठीक, तळाशी तेलाचा थेंब बसला तर काम अर्धवट राहिलंय, परत करा. खरं मानक आयएस १५६०७, त्याच्या सगळ्या चाचण्या आपल्या लॅबमध्ये होणार नाहीत, पण व्हिस्कॉसिटी, फ्लॅश पॉइंट, घनता आणि पाण्याचं प्रमाण एवढं तरी होतं.

स्टाफरूममध्ये याला विरोध होईल तो जनरेटरवरून, आणि काही मुद्दे रास्त आहेत. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षं साचलेला गाळ सोडवतं, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर तुंबतात. जुन्या सेटमधले रबरी पाइप आणि सील फुगतात. फार दिवस साठवलं तर ते हवेने बिघडतं. आपल्या मेसमध्ये पामोलिन वापरतात आणि पामचं बायोडिझेल पंधरा अंशांच्या आसपासच गढूळ व्हायला लागतं. डिसेंबरच्या पहाटे ते फिल्टरमध्ये अडकलं तर पेपरच्या आदल्या रात्री हॉस्टेल अंधारात! म्हणून शुद्ध बायोडिझेलचा हट्ट नको. २० टक्के बायोडिझेल, ८० टक्के डिझेल, आणि तेही फक्त हॉस्टेलमागच्या जुन्या सेटमध्ये, ज्याची वॉरंटी कधीच संपली आहे. पहिल्या दोन महिन्यांसाठी जादा फिल्टर आणून ठेवायचे. थंडीत प्रमाण निम्म्यावर आणायचं. धुराचा काळेपणा, कार्बन मोनॉक्साइड कमी होतात, नायट्रोजनचे ऑक्साइड किंचित वाढू शकतात. ते वाढतात का हे मोजायला आपल्याकडे गॅस ॲनालायझर आहे, त्यावरचं कव्हर काढायचं फक्त काम आहे.

एका गोष्टीत मात्र तडजोड नको. मिथेनॉल विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळेच. त्याची वाफ पेट घेते आणि ज्योत दिवसाउजेडी धड दिसतही नाही. त्यामुळे हे काम रूमवर, मेसच्या मागे, हीटरच्या कॉइलवर करायचं नाही म्हणजे नाही. कॉलेजच्या नावाने रीतसर परवानगी घेऊन खरेदी, कुलपात साठा, उघडी शेड, बंद झाकणाचं पिंप, चष्मा, हातमोजे आणि केमिकलचे एक सर हजर. खाली बसणाऱ्या ग्लिसरीनमध्येही मिथेनॉल उरतं, तेव्हा त्याचा साबण करून वाटण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. आणि धुण्याचं पाणी अल्कलीयुक्त असतं, ते न्यूट्रल केल्याशिवाय बागेत सोडायचं नाही. माळीमामांनी लावलेली जास्वंद गेली तर ते आपल्याला सोडणार नाहीत.

प्राचार्यांना द्यायचं पत्र तयार आहे. त्यात मागणी अशी की मेसच्या पुढच्या करारात जुनं तेल कॉलेजलाच विकण्याचं कलम घालावं आणि भाव दर सेमिस्टरला मेस कमिटीने ठरवावा. किती नवं तेल आलं, किती जुनं निघालं, किती बायोडिझेल झालं आणि किती जनरेटरमध्ये गेलं याचं रजिस्टर मेसच्या दारात, सगळ्यांना दिसेल असं ठेवावं. फिल्टरचा आणि पिंपाचा सुरुवातीचा खर्च डिपार्टमेंटच्या प्रोजेक्ट फंडातून व्हावा. रेक्टर सरांनी 'बघू' म्हटलंय. केमिकलचे सर हो म्हणाले आहेत, पण त्यांची अट अशी की थर्ड इयरची निदान चार पोरं हवीत, कारण आम्ही फायनल इयरवाले मेमध्ये निघून जाणार. शेड वर्कशॉपमागची चालेल. पंप नवा घ्यायची गरज नाही, फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये एक बंद पडलेला आहे, त्याचं सील तेवढं बदलावं लागेल. ज्यांना यायचंय त्यांनी जर्नल सबमिशन झालं की शनिवारी दुपारी मेस कमिटीच्या खोलीत यावं. नवीन वर्षाची मेस जूनच्या शेवटी सुरू होते, त्याआधी टायट्रेशनचा हात बसायला हवा.